निर्मलाबाईचा सिमवाला टॅब

मोबाइलच्या दुकानात गल्ल्यावर बाई बसलेली दिसली की लोक दोन गोष्टी धरून चालतात. हिला काही कळत नाही, आणि हिचा नवरा आत कुठेतरी असेल. नवापूरच्या बाजारात मी लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या दुकानात बसते. अजूनही कोणीतरी येतो, माझ्या खांद्यावरून मागे बघतो आणि विचारतो, "जिनेशभाई आहेत का?" जिनेशभाई सुरतेला माल आणायला गेलेत हो. मी आहे ना समोर. काय डोंबल हवंय ते बोला.

निर्मलाबाई गावितने हे विचारलं नाही, म्हणून ती मला पहिल्या दिवशीच आवडली. खोटं कशाला बोलू?

दिवाळीच्या आधीची गर्दी होती. ती पुढे, तिच्या मागे तिचा नवरा दानियल. गुजरातच्या हद्दीला लागून ज्या टेकड्या आहेत ना, तिकडच्या एका पाड्यावरचे हे लोक. तिने पदराने काउंटर पुसला, माझाच काउंटर, आणि म्हणाली, "शेठाणी, टॅब दाखव. बोलायला पुरला पाहिजे."

"बोलायला फोन पुरतो की," मी म्हटलं.

"तोंडानं बोलायला पुरतो. हातानं बोलायला नाही पुरत."

मग मी दानियलकडे नीट पाहिलं. तो माझ्या ओठांकडे बघत उभा होता. लहानपणी ताप डोक्यात गेला आणि कान गेले, कान गेले म्हणून बोलणंही आलं नाही. गावात त्याला मुका दानियल म्हणतात. शाळेत कोणी घेतला नाही. त्याच्या आईने, गंगीबाईने, त्याला शेळ्यांमागे पाठवला आणि हा एकटा दरीत पडेल म्हणून थोरल्या बहिणीला, प्रिस्किलाला, सोबत दिली. शेळ्यांमागे त्या दोघा पोरांनी हातांची एक भाषा बसवली. कोणी शिकवलेली नाही, टीव्हीवर बातम्यांच्या कोपऱ्यात दाखवतात तसलीही नाही. डोंगर, शेळी, आईचा मार, पाऊस, भूक, चेष्टा, सगळं तिच्यात. त्या भाषेपायी प्रिस्किलाची शाळा राहिली ती राहिलीच. दोघांनाही अक्षर ओळखीचं नाही.

आता ती प्रिस्किला सुरतेला मुलाच्या खोलीवर होती. घशात कॅन्सर निघाला. पावसाळ्यात ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी जीव वाचवला पण आवाजाची पेटीच काढावी लागली. आजार पुरता गेला नव्हता, फार दिवस नाहीत असंही सांगून टाकलं होतं. बाईने जन्मभर मुलाशी तोंडाने गप्पा मारल्या, त्याला हाताची भाषा शिकवायची वेळच कधी आली नाही. लिहिता येत नाही. म्हणजे जगात एकच माणूस उरला ज्याला तिचं बोलणं पुरतं कळतं, आणि तो इथे माझ्या दुकानात मान वर करून पंख्याकडे बघत होता.

"तिला कायकाय सांगायचं राहिलंय," निर्मलाबाई म्हणाली. "ह्याला भेटल्याशिवाय ती कोणाला सांगणार?"

सुरत काही लांब नाही, पण रोज कोण जातो? म्हणून टॅब.

मी दोन काढून ठेवले. दिसायला दोन्ही सख्खे जुळे. "हा वायफायवाला, हा सिमवाला," मी सांगितलं. "वायफायवाला म्हणजे दावणीची गाय. जिथे बांधली तिथेच चारा. सिमवाला म्हणजे शेळी. जाईल तिथे काहीतरी खाईल, पण जरा महाग पडेल."

माझी सासू तीजाबाई मागे माळ जपत बसली होती. तिने माळ न थांबवता सांगून टाकलं, "नाकापेक्षा मोती जड. स्वस्तातला दे."

तेवढ्यात निर्मलाबाईने भाच्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. योहान त्याचं नाव, सुरतेत कापडाच्या मिलमध्ये मशीनवर आहे. पोरगा गोड बोलायचा. म्हणाला, "भाभी, वायफायवाला द्या. मी आईसाठी तोच घेतलाय, खोलीवर वायफाय आहे. मामाच्या गावात ग्रामपंचायतीला वायफाय आलंय. पायरीवर बसायचं, फुकट बोलायचं. गावात मोबाइलला तसंही रेंज नाही."

मला पटलं. खरंच त्या पाड्यावर सिम घालून करायचं काय? मी वायफायवाला पुढे सरकवला.

निर्मलाबाईने तो परत माझ्याकडे सरकवला. "योहान," ती फोनमध्ये ओरडली, "तू सुरतेत बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. दिवाळी झाली की आम्ही ऊस तोडायला जाणार. पंचायत आमच्याबरोबर पडावावर येईल का?"

मी वायफायवाला परत खोक्यात ठेवला.

ऊसतोडीचं ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते. आमच्याकडचे अर्धे पाडे दिवाळीनंतर ओस पडतात. मुकादम ट्रक घेऊन येतो आणि माणसं बारडोलीकडच्या ऊसपट्ट्यात जातात ती उन्हाळ्यापर्यंत. तिथे शेताच्या कडेला प्लास्टिकच्या झोपड्या घालतात, त्या वस्तीला पडाव म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते. एकटा गेला तर त्याला मुकादम विचारत नाही. दानियल गावात टॅब घेऊन पंचायतीच्या पायरीवर बसला तर निर्मलाबाईचंही जाणं बंद, आणि घरात वर्षभर खायचं काय?

"पडावावर रेंज आहे का?" मी विचारलं.

"तिथे टॉवरच टॉवर आहेत. आम्हाला लाइट नाही, टॉवरला आहे," ती म्हणाली.

सिमवाला घेतला. मी सिम घालून दिलं आणि तिथल्या तिथे सुरतेला व्हिडिओ लावला. योहानने आईपुढे टॅब उभा केला, "बोला तुम्ही, मी बाहेर आहे," असं म्हणाला आणि शहाण्या मुलासारखा खोलीबाहेर गेला.

प्रिस्किला दिसली. गळ्याला पांढरी पट्टी, चेहरा उतरलेला. दानियलने टॅब माझ्या कॅलक्युलेटरला टेकवला, दोन पावलं मागे सरला आणि त्याचे हात सुटले. अगं बाई! मी तोवर त्याला गरीब बिचारा समजत होते. तो माणूस भांडत होता, नक्कल करत होता, कोणाची तरी चाल करून दाखवत होता. पडद्यातली बाई आधी रडली आणि मग पोट धरून हसली, आवाज न करता. कव्हर बघायला आलेली दोन कॉलेजची पोरं तशीच उभी राहिली. तीजाबाईची माळ थांबली.

एकटी निर्मलाबाई भिंतीकडे तोंड करून चार्जर बघत होती.

"तुम्हाला कळतं का हो त्यांचं?" मी विचारलं.

"जेव, चल, ये, पाणी. एवढं कळतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं संसार केला तो तेवढ्यावर. नाताळला ती माहेरी आली की दोघं अंगणात बसायची आणि अशी हसायची. मी चुलीपुढे. मला वाटायचं माझ्यावरच हसतात. वाटायचं काय, हसतच असणार." चार्जरचं पाकीट तिने जागेवर ठेवलं. "मला ती कधी आवडली नाही, शेठाणी. पण आता मरायला टेकलेल्या माणसाशी काय वैर धरायचं?"

ते पडावावर गेले आणि पहिल्याच आठवड्यात दुकानाचा फोन वाजला. निर्मलाबाई. पडावावरचा कालवा मागे, त्यावर हिचा आवाज.

"शेठाणी, तुझा टॅब आंधळा आहे!"

माझं डोकं सटकलं. संध्याकाळची वेळ, गिऱ्हाईक उभं. "टॅब आंधळा नसतो," मी म्हटलं, "रेंज बघा. चार्जिंग बघा. कॅमेऱ्यावर बोट आलं असेल."

"सगळं बघितलं. ती दिसते. ह्याला ती दिसते, तिला हा दिसत नाही. ती तिकडे रडते, हा इकडे टॅब आपटायला निघालाय."

मी तणतणत फोन सुपडूकडे दिला. सुपडू आमचा कारागीर, शहाद्याकडचा, केस पांढरे झालेला, रेडिओच्या जमान्यापासून दुरुस्ती करतो. त्याने दोन-तीन प्रश्न विचारले, मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

"भाभी, टॅब चांगला शे. तठे उजेडच नई शे."

कपाळ माझं! रेंज विचारली, बॅटरी विचारली, किंमत विचारली, शेळी-गाय सांगितली. उजेडाचं कोणाच्याच मनात आलं नाही. आम्ही सगळे कानाने बोलणारे. फोनवर अंधारात बोलताना आपलं काय अडतं? आणि पडावावर माणसं दिवस उगवायच्या आधी फडात शिरतात ती अंधार पडल्यावरच परततात. तिकडे योहानची पाळीही संध्याकाळी सुटायची, त्याच्याशिवाय प्रिस्किलाला कॉल लावता यायचा नाही. म्हणजे दोघांना जमणारी वेळ एकच, आणि तिथे झोपडीत मिणमिणती चिमणी. तिच्या उजेडात चुलीवरची भाकरी दिसते, माणसाची बोटं दिसत नाहीत.

मी दुसऱ्या दिवशी पडावाकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याजवळ चार्जिंगची मोठी टॉर्च पाठवली. विकत, फुकट नाही, आधीच सांगते. माझी दयाबिया काढू नका.

टॉर्च आली, टॅबसारखीच तीही ऊस न्यायच्या ट्रकवर चार्ज व्हायची, पण टॉर्च धरायची कोणी? दानियलला दोन्ही हात लागतात. बांबूला बांधली तर एका जागी उजेड, आणि दानियलचे हात काय एका जागी राहतात? डोंगर म्हणायचं तर डोक्याच्या वर, शेळी म्हणायची तर गुडघ्याशी. मग टॉर्च निर्मलाबाईने धरली.

दिवसभर मोळ्या बांधून आलेली बाई ती. पाचटाने हात कापलेले, खांदे भरून आलेले. स्वयंपाक उरकायचा आणि ज्या नणंदेने आपल्याला आयुष्यभर अंगणाबाहेर ठेवलं तिच्यासाठी टॉर्च धरून उभं राहायचं. सुरुवातीला ती तोंड फिरवून उभी राहायची, मला तिनेच सांगितलं. मग दानियल चिडून पाय आपटायचा, कारण उजेड चुकायचा. हात इकडे, टॉर्च तिकडे.

"बघितल्याशिवाय उजेड नेता येत नाही," ती रिचार्जसाठी फोन करायची तेव्हा बोलायची. "आणि नुसतं बघूनही भागत नाही गं. हात कुठे जाणार ते आधी कळावं लागतं. ते कळायचं तर तो काय बोलतोय ते कळावं लागतं."

असं करत करत तिला कळायला लागलं. मी त्या महिन्यांत रिचार्जचा फोन यायची वाट बघायचे. नवीन काय शिकलात, असं विचारायचे. एकदा ती हसतच सांगत होती. दानियल बहिणीला मुकादमाची फजिती सांगत होता, मुकादमाच्या धोतरात गोम शिरली त्याची. निर्मलाबाईला हसू आवरेना आणि हातातली टॉर्च हलायला लागली. तिकडे सुरतेत प्रिस्किलाने दानियलला हाताने थांबवलं. तिला दानियल दिसत होता, टॉर्च धरणारी दिसत नव्हती. पण उजेड हसतोय हे तिला दिसलं. "हिला कळतंय," असं ती दानियलला म्हणाली. दानियलने मागे वळून बायकोकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या बायकोकडे.

"कसं बघितलं?" मी विचारलं.

"चोर सापडल्यासारखं," निर्मलाबाई म्हणाली.

त्यानंतर कधी दानियल गाडी भरायला गेलेला असला की नणंद-भावजय दोघीच बोलायच्या. टॉर्च झोपडीच्या मेढीला बांधायची आणि निर्मलाबाई आपले हात त्या एकाच उजेडात बसवायची. चुकायची फार. प्रिस्किला तिला दुरुस्त करायची. एका संध्याकाळी प्रिस्किलाने सरळ विचारलं, "मी तुला आवडत नव्हते ना?"

"नाही," निर्मलाबाईने सांगितलं.

"मलाही तू नव्हतीस," प्रिस्किला म्हणाली. "भावाला घेऊन गेलीस असं वाटायचं." आणि मग दोघींनी गंगीबाईच्या तिखटपणावर बोलून घेतलं. सासू एकीची, आई दुसरीची, मत एकच निघालं.

हे निर्मलाबाईने मला सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. मी रडत होते, आणि गिऱ्हाईकाला स्क्रीनगार्ड उलटं लावून दिलं.

होळी जवळ आली तसा प्रिस्किलाचा हात उचलेना. ती थोडंच बोलायची, मग नुसती बघत बसायची. दानियल बोलत राहायचा, निर्मलाबाई उजेड धरायची. आणि एके दिवशी दुपारीच दुकानाचा फोन वाजला. दुपारी ती कधी फोन करत नसे. "संपलं, शेठाणी," एवढंच म्हणाली. "उद्या तिच्या सासरच्या गावी माती आहे."

मी जाते म्हटल्यावर तीजाबाईने माळ खाली ठेवली. "आपल्या बायका मसणात जात नाहीत, रूपल."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. आमच्या घरातली कोणी बाई आजवर गेलेली नाही. मी स्वतःच्या वडिलांच्या वेळी गेले नाही, दारातून परत फिरले. सासूला मी उलट उत्तर देते पण असल्या बाबतीत देत नाही. त्या दिवशी दिलं. "त्यांच्यात जातात," एवढं म्हटलं आणि सुपडूच्या मोटारसायकलवर मागे बसले.

टेकडीच्या उतारावर क्रूस रोवलेले, मोहाच्या झाडाखाली माणसं जमलेली. दानियल आणि निर्मलाबाई पडावावरून थेट आलेले, पायांना अजून फडातली माती. योहान शवपेटीच्या डोक्याशी उभा. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. बारीक, मिलच्या पाळ्यांनी थकलेल्या डोळ्यांचा.

गाणी झाली, प्रार्थना झाली. त्यांच्यात एक चाल आहे, माती द्यायच्या आधी पाळक विचारतात, कोणाला साक्ष द्यायची आहे का? म्हणजे गेलेल्या माणसाबद्दल खरं ते बोलायचं, देवासमोर. एक-दोन म्हातारी माणसं बोलली. प्रिस्किला कष्टाळू होती, प्रिस्किला उपासनेला चुकली नाही.

मग दानियल पुढे आला.

लोक चुळबुळले. मुका काय साक्ष देणार? पाळक त्याला हाताला धरून बाजूला घ्यायला निघाले. तेवढ्यात निर्मलाबाई त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बोलू द्या. मी सांगते."

लख्ख ऊन होतं. दानियलचे हात चालू झाले आणि निर्मलाबाई त्यांच्या मागोमाग बोलायला लागली. त्यांच्या मावची बोलीत बोलत होती. नवापुरात राहून ती मला कळण्याइतकी येते.

"ही शाळेत गेली नाही. माझ्यामुळे. मी पडेन म्हणून. मी पडलोच नाही, तीच पडली एकदा, इथे खूण आहे. आईला सांगितलं नाही आम्ही." माणसं हसली. "तिने मला शब्द दिले. तिच्याआधी माझ्या डोक्यात नुसती भीती होती."

मग दानियलने काहीतरी केलं आणि निर्मलाबाई थांबली.

त्याने परत केलं. तिने मान हलवली, नाही. त्याने तिच्या तोंडासमोर हात नेऊन तिसऱ्यांदा केलं, छाती ठोकली, पेटीकडे बोट दाखवलं. साक्ष आहे ही, असंच म्हणत असणार. निर्मलाबाईने डोळे मिटले, उघडले.

"तो म्हणतो," ती म्हणाली, आणि आतापर्यंत तिने एकदाही 'तो म्हणतो' म्हटलं नव्हतं, "तो म्हणतो, तिचा आवाज गेला हे कळलं तेव्हा मला आनंद झाला."

पाळकांनी हातातलं पुस्तक मिटलं.

"ती सगळ्यांशी बोलायची. शेजाऱ्याशी, दुकानदाराशी, कुत्र्याशीसुद्धा. माझ्या वाट्याला नाताळचे दोन दिवस यायचे. आवाज गेला आणि ती फक्त माझ्याशी बोलायला लागली. मी रडत होतो आणि मला आनंद होत होता. तिला हे सांगितलं मी. ती म्हणाली, मला माहीत आहे. देवा, मला माफ कर."

दानियलचे हात खाली आले. निर्मलाबाईचा आवाज थांबला.

योहान पेटीजवळून निघाला आणि सरळ मामाकडे चालत आला. मला वाटलं आता हा मारतोय. सुपडूही पुढे सरकला. योहान मामासमोर उभा राहिला, पण विचारलं निर्मलाबाईला.

"मामी, आई तुमच्याशी बोलताना माझं नाव कसं घ्यायची?"

निर्मलाबाईने दोन बोटांत आपल्या कानाची पाळी धरली आणि हलकेच खाली ओढली.

"दूध पिताना तू तिची पाळी धरून ठेवायचास," ती म्हणाली. "तेच तुझं नाव."

योहानने हात कानाकडे नेला. त्याने सगळा कानच मुठीत धरला. दानियलने त्याची मूठ सोडवली, दोन बोटं वेगळी काढली आणि नेमकी पाळीवर ठेवली. योहान तसाच उभा राहिला. कोणाकडे बघत नव्हता.

"मी दार लावून कामाला निघायचो ना," तो म्हणाला, "तेव्हा ती हे करायची. रोज करायची, मामी."